आठव्या ऑपेरेटातलं गाणं

शेजारच्या म्हातारीने पहिल्यांदा आमची बेल वाजवली तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. जुलै महिना होता, एसी बिघडला होता, म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून मी पेटी वाजवत बसले होते. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत नाट्यपदांचा कार्यक्रम ठरला होता आणि साथीला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आवाजाची तक्रार येणार हे मी धरूनच चालले होते. राग तसा माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे दारापर्यंत जाईस्तोवर माझी इंग्रजी वाक्यं जुळवून तयार होती.

म्हातारी म्हणाली, "हे नाटकातलं गाणं आहे ना? कितव्या अंकात येतं?"

मी गारच पडले. पंचवीस वर्षं या देशात राहिले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या नवऱ्यानेही नाही. तिसऱ्या अंकात, मी म्हटलं.

"वाटलंच. नायिका एकटी असणार, आणि नायक दाराआडून ऐकतोय हे तिला माहीत नसणार."

अगदी तसंच होतं. मी तिला आत घेतलं, चहा टाकला आणि चकल्यांचा डबा पुढे ठेवला. ती मूळची हंगेरीची. ऐंशी ओलांडलेली, ताठ कण्याची, ओठांना लाल रंग लावल्याशिवाय कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर न ठेवणारी. हाक कशी मारू, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला नेनी म्हणतात. नावाच्या पुढे जोडतात." म्हणजे आमचं काकू. तेव्हापासून ती माझी नेनी झाली. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं, तिचं हंगेरियन वळणाचं आणि माझं मिरजेच्या.

नेनीचे वडील ऑपेरेटांचे संगीतकार होते. गावच्या शिंप्याचा मुलगा, बुडापेस्टला जाऊन संगीत शिकला आणि पुढे त्याने सात ऑपेरेटा केले. ऑपेरेटा म्हणजे काय हे मला फार समजवावं लागलं नाही. बोलता बोलता पात्रं गायला लागतात, एक गंभीर जोडी असते, एक हसवणारी असते, कुणीतरी वेश बदलून आलेलं असतं आणि शेवटी सगळ्यांची लग्नं लागतात. आमचं संगीत नाटकच की, मी म्हटलं, फक्त नांदी नाही आणि नाच जास्त. प्रेक्षकांना गाणं आवडलं की ते ओरडून पुन्हा म्हणायला लावायचे, हे तिने सांगितलं तेव्हा तर मी टाळीच दिली. आमच्याकडे 'वन्स मोर' ओरडतात. त्यांच्याकडे 'होद्य वोल्त' ओरडतात, म्हणजे 'कसं होतं ते?'. तेच ते, पुन्हा ऐकवा.

प्रयोग संपला की तिचे वडील कोट चढवून ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभे राहायचे. घरी निघालेले लोक आपली कुठली चाल गुणगुणतायत हे ऐकायला. जी कुणाच्याच तोंडात नसे ती दुसऱ्या दिवशी बदलायचे. पुढे राज्य बदललं, थिएटरं सरकारी झाली आणि हुकूम आला की नायक उमराव नको, ट्रॅक्टर चालवणारा हवा. ते म्हणाले, ठीक आहे, वॉल्ट्झचा नाच दोघांनाही तीन मात्रांचाच लागतो. मग छप्पन साली रस्त्यावर रशियन रणगाडे आले, तेव्हा मात्र त्यांचा विनोद संपला. बायकोला आणि बारा वर्षांच्या मुलीला घेऊन ते उंच बोरूच्या गवताने भरलेल्या दलदलीतून चालत सरहद्दीपलीकडे गेले आणि तिथून न्यू जर्सीला. सातही ऑपेरेटांचे कागद मागे राहिले.

इथे ते पियानोच्या दुकानात सूर लावायचं काम करत आणि रविवारी चर्चमध्ये वाजवत. बायको बुडापेस्टला त्यांची नायिका होती, पोस्टरवर मोठ्या अक्षरांत नाव असलेली. ती कपडे धुण्याच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीपुढे उभी राहू लागली. पियानोच्या दुकानदाराने एक पडेल पियानो फुकट देऊन टाकला होता. कामावरून आलं की त्याच्यापुढे बसून वडिलांनी आठवा ऑपेरेटा लिहिला. निर्वासितांच्या खाणावळीची गोष्ट, जिच्यातली स्वयंपाकीण पूर्वीची मोठी गायिका असते. थिएटर नाही, वाद्यवृंद नाही, भाषा कळणारे प्रेक्षक नाहीत, तरी तीन अंक पूर्ण लिहिले. प्रयोग एकही झाला नाही.

हे सगळं मला काही एका चहात कळलं नाही. दोन वर्षं आमचं येणंजाणं चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास नेनीने घर विकलं. मुलगा देशाच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला असतो, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिला जागा मिळाली होती. कपाटं, गालिचे, चांदीचे चमचे, सगळ्याला कुणी ना कुणी मिळालं. पियानोला मिळालं नाही. त्याच्या आतलं लाकूड तडकलं होतं, सूर लावला तरी आठवड्याच्या वर टिकायचा नाही. आमच्याकडे जिन्यातून तो चढला नसता, आणि चढता तरी नेनीने दिला नसता. "मरायला टेकलेला घोडा कुणी शेजाऱ्याला भेट देतं का?" ती म्हणाली. जुनं सामान उचलून नेणारी माणसं तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी दहा वाजता यायची ठरली.

मग तिने मला एक विनंती केली. दुसऱ्या अंकात स्वयंपाकिणीचा एक वॉल्ट्झ आहे. ते आईचं गाणं. आई होती तोवर तिचंच होतं, आई गेल्यावर वडिलांनी ते कधी वाजवलं नाही. नेनीची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. "ते मला एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायचंय," ती म्हणाली, "याच पियानोवर, तो जायच्या आत. तू साथ कर."

मला पियानो येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातात कागद दिले.

माझे बाबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आमच्या मिरजेच्या दोन खोल्यांपैकी एक माणसांची आणि एक ऑर्गनची. पट्ट्यांवर माझी बोटं लहानपणापासून चालत होती, पण हे प्रकरण वेगळं निघालं. ऑर्गनला पायाने सतत भाता मारावा लागतो. ती सवय इतकी हाडात की पियानोपुढे बसले की माझा पाय आपोआप खालचं पेडल हाणायला लागायचा आणि सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गलबला व्हायचा. नेनीने माझ्या घोट्यावर छत्रीच्या टोकाने मारायला सुरुवात केली. मी पियानोला नावं ठेवू लागले, पट्ट्या जड आहेत, स्टूल उंच आहे. नाचता येईना अंगण वाकडं. ती परकी लिपी मला वाचता येत नव्हती, म्हणून नेनी एकेक सूर बोटाने दाखवायची आणि मी कागदाच्या झेरॉक्सवर पेन्सिलने सा रे ग म लिहून घ्यायचे.

दुसरी अडचण माझ्या उजव्या हाताची. आमच्या साथीचा धर्म असा की गाणारा जिथे जाईल तिथे त्याच्या सावलीसारखं जायचं. तो थांबला की जागा भरून काढायची. नेनी गायला लागली की मी तिच्याच चालीवरून बोटं फिरवायचे.

"माझं गाणं तू का म्हणतेस?" ती ओरडायची. "मी गातेय ना? तू एक-दोन-तीन दे!"

घरी मी टेबलावर डाव्या हाताने एक-दोन-तीन वाजवत बसायचे. नवरा म्हणाला, "अगं, ग्रोसरी कॅन्सल केलीस, रविवारचं लंच कॅन्सल केलंस, आता जेवताना पण प्रॅक्टिस? यार, कॉन्सर्ट कुठे आहे, कार्नेगीला?" मी म्हटलं, शेजारच्या रिकाम्या घरात आहे, तिकिटं संपलीयेत.

दोन आठवड्यांत मी बरीच सुधारले. अडलं ते एकाच ठिकाणी. शेवटच्या कडव्याआधी कागदावर उभ्या रेघांमधली चार घरं, म्हणजे चार वेळा एक-दोन-तीन इतकी जागा, मोकळी होती. तिथे गाणं नाही आणि साथही नाही. काहीच नाही. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. मी आपली तिथे एक छोटीशी तान टाकली, पुढच्या ओळीवर आणून सोडणारी. छानच होती.

नेनीने पियानोवर थाप मारली. "तिथे काही नाही."

"म्हणूनच तर भरलं," मी म्हटलं.

"भरायचं नाही. मोजायचंही नाही. मी सुरू करीन तेव्हा तू सुरू कर."

पुढच्या खेपेला माझा हात पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी नेनीने कागद माझ्यापुढून ओढून घेतले आणि म्हणाली, "तू फार वाजवतेस. मोकळी जागा तुला बघवत नाही. स्वतःलाच ऐकायला बसलीयेस का इथे?"

मी उठले. मग वाजवा तुमचं तुम्ही, असं म्हणून दार आपटून घरी आले. वाकड्या बोटांच्या म्हातारीला मी हे म्हणाले, याची लाज मला जिना चढतानाच वाटायला लागली होती. पण परत गेले नाही.

आणि घरी येऊन बसल्यावर मला आठवलं की जवळजवळ हेच मी एकदा बाबांना ऐकवलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांच्या कंपनीतले मुख्य गायकनट साठी उलटली तरी तरुण नायकाचं काम करत. लोक त्यांच्यासाठीच यायचे. एका प्रयोगात पदाच्या मध्ये बाबांनी ऑर्गनवर इतकं लांबण लावलं की मागून कुणीतरी शिट्टी मारली. गावातल्या साप्ताहिकाने आधीच छापलं होतं की ऑर्गनवाले स्वतःची हौस भागवून घेतात. मैत्रिणींसमोर माझी मान खाली गेली होती. मध्यंतरात मी तरातरा रंगपटात गेले आणि म्हटलं, "बाबा, मध्ये मध्ये कशाला नाचता? गाणं त्यांचं आहे. लोक तुम्हाला ऐकायला येतात का?" गायकनट शेजारीच खुर्चीवर चहा घेत होते. बाबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय करू बाई, मोकळी जागा दिसली की हात जातो."

त्यावर गायकनटही हसले. मी पाय आपटत निघून आले, आणि पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी बाबांच्या हौशीपणाची गंमत म्हणून लोकांना सांगत आले. मंडळातसुद्धा सांगितलाय.

चार दिवस मी नेनीकडे फिरकले नाही. शनिवार तीन दिवसांवर आला. मग मी अनारसे डब्यात भरले आणि गेले. तिने डबा उघडला, एक अनारसा उलटा करून खालची खसखस बघितली आणि बोटाने टिपून खाल्ली. त्यांच्याकडे सणाला खसखशीची गुंडाळी करतात, त्यामुळे तिचा राग खसखशीने उतरणार हे मला माहीत होतं. दोन अनारसे खाऊन झाल्यावर ती आतून एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली. वडिलांच्या हातचा मूळ कागद. आतापर्यंत मी झेरॉक्सच बघितली होती.

"ही तुझी चार घरं," ती म्हणाली. "हात लावून बघ."

कागद तिथे विरलेल्या धोतरासारखा पातळ झाला होता. त्याखाली पेन्सिलचे पुसट ठिपके दिसत होते. तिथे पूर्वी सूर होते, वाजवायचे आणि गायचेही, आणि ते कुणीतरी खोडरबराने खोडून काढले होते.

नेनीने सांगितलं ते असं. इस्त्रीच्या वाफेत उभं राहून आईची छाती बिघडली होती. घरी गाताना शेवटच्या कडव्याशी तिचा दम सुटायचा आणि ती खोकल्याचं काहीतरी निमित्त काढायची. वडील काही बोलले नाहीत. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्यांनी ती चार घरं खोडली. छोट्या नेनीने ते बघितलं होतं. पियानो चालू राहिला तर आईला त्याच्या मापात परत यावं लागलं असतं. पियानो थांबला की ती हवं तेव्हा येऊ शकत होती. आईला त्यांनी एवढंच सांगितलं की, इथे सगळं थिएटर तुझ्याकडे बघत असेल, मी मध्ये कशाला बोलू. आईला ते फार आवडलं होतं.

"तिला शेवटपर्यंत कळलं नाही," नेनी म्हणाली. "आता मलाही तिथे दम लागतो. त्यांनी माझ्यासाठीसुद्धा खोडून ठेवलंय."

मला मिरजेचं थिएटर दिसत होतं. ऑर्गन रंगमंचासमोर असायचा आणि मी कधी कधी बाबांच्या स्टुलाला टेकून खाली बसायचे. वाजवताना बाबा पट्ट्यांकडे बघत नसत. ते वर, गायकनटाच्या गळ्याकडे बघत. मला वाटायचं, तंद्री लागलीय. त्यांची ती लांबण लागायची तेव्हा गायकनट प्रेक्षकांकडे पाठ करून दोन पावलं मागे जात, शेल्याशी खेळत, वळत आणि अगदी बारीकशी मान हलवत. तशी मान हलली की बाबा दोन सुरांत तान आवरून त्यांना पुढच्या ओळीवर आणून सोडत. साठी उलटलेला माणूस तिथे श्वास घेत होता. त्याचा आवाज खाली ऐकू येऊ नये म्हणून बाबा वाजवत होते. शिट्टी आली ती बाबांवर आली, छापून आलं ते बाबांवर आलं, आणि तो माणूस शेजारी चहा पीत बसलेला असताना मुलगी येऊन बोलली तेही त्यांनी स्वतःवरच घेतलं.

मी नेनीसमोर रडले. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांना मी कधी काही विचारलंच नाही.

शनिवारी साडेनवाला मी गेले. घर पूर्ण रिकामं होतं, पियानो, स्टूल आणि स्वयंपाकघरातला फ्रीज एवढंच उरलं होतं. नेनीने निळा कोट घातला होता, ओठ रंगवले होते आणि ती पियानोच्या कडेवर एक हात ठेवून आई उभी राहत असणार तशी उभी राहिली. मी उजवा पाय स्टुलाच्या दांडीत अडकवून ठेवला आणि एक-दोन-तीन सुरू केलं.

तिचा आवाज बारीक झाला होता, पण सूर कुठे हलत नव्हता. शब्द मला कळत नव्हते. चार घरं आली तेव्हा मी उजवा हात उचलून मांडीखाली दाबून धरला. फ्रीजची घरघर ऐकू आली. मग नेनीचा श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, एक, दोन, तीन, चार. इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं. मग ती तिच्या वेळेला आली, मी तिच्या मागून आले आणि गाणं पुरं झालं.

माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "वन्स मोर!"

नेनी हसली. "होद्य वोल्त," ती म्हणाली आणि हात पुन्हा पियानोवर ठेवला. वन्स मोर आला की विचारत बसायचं नसतं, पहिल्यापासून सुरू करायचं असतं. मी सुरू केलं.

अर्ध्यात दाराशी बूट वाजले. सामान नेणारी दोन माणसं दहाच्या आधीच आली होती, दोघंही धिप्पाड. दार उघडंच होतं. गाणं चालू आहे बघून ती उंबऱ्यातच थांबली. नेनीने त्यांना बघितलं आणि ती आणखी ताठ झाली. प्रेक्षक आले होते. आवाज तिने जरा जास्तच चढवला, आणि मी मनात म्हटलं, नेनी, दम ठेवा.

चार घरं आली. मी हात उचलला. या वेळी श्वास नुसता बाहेर येत होता, आत जात नव्हता. तिची बोटं पियानोच्या कडेवर पांढरी पडली होती. एक माणूस दुसऱ्याकडे बघायला लागला. नेनीने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं, कारण ते मी लहानपणी गायकनटांच्या डोळ्यांत खालून कितीतरी वेळा बघितलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मी वाजवलं. बाबांची ती लांबण, जशी आठवली तशी, वर गेले, खाली आले, उगाच दोन हरकती घेतल्या, पाय दांडीतून सोडवून पेडल हाणलं आणि तो सगळा गलबला घरभर करून ठेवला. नेनीने मला थांबवलं नाही. ती खिडकीकडे वळली, कोटाचं बटण लावल्यासारखं केलं आणि पाठमोरी उभी राहिली. मी पट्ट्यांकडे बघत नव्हते. दुसऱ्यांदा फिरून आले, तिसऱ्यांदा आले, तेव्हा ती वळली आणि तिने बारीकशी मान हलवली. मी तिला तिच्या ओळीवर आणून सोडलं.

शेवटची ओळ तिने पूर्ण म्हटली.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला वयाने मोठा होता तो पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, फार सुंदर. फक्त मधलं ते पियानोचं जरा लांबलं, नाही?"

नेनीला उत्तर द्यायला श्वास नव्हता. ती नुसती हसत उभी होती, हात अजून पियानोवर.

"माझी चूक," मी म्हटलं. "मोकळी जागा दिसली की हात जातो."